रंग वारशाचा, वाढ वाटीची

आपल्या मोहल्ल्यात बाळ जन्मले की पहिली खबर असते मुलगा की मुलगी, आणि दुसरी गोरा की सावळा. वजन किती भरले, बाळ लगेच रडले का, पहिल्या तासात आईचे दूध मिळाले का, हे प्रश्न मागाहून येतात. पुष्कळदा येतच नाहीत. अकीक्याच्या दिवशी तर पाळण्याभोवती जणू निकालच लागतो. फुफी म्हणते, "माशाल्लाह, कित्ता गोरा है!" खाला म्हणते, "नाक दादा का, रंग नानी का." आणि बाळ सावळे असेल तर कुणीतरी सुनेकडे पाहत हळूच विचारते, "केसर नहीं पिये थे क्या?"

हा शेवटचा प्रश्न वरवर थट्टेचा असला तरी त्याच्यामागे एक पक्की समजूत आहे. आईच्या खाण्यातून बाळाचा रंग ठरतो आणि पुढे बाळाच्या खाण्यातून तो उजळतो, अशी ती समजूत. उलट उंची, अंगकाठी, दात यांचा विषय निघाला की आपण सहज म्हणतो, "हमारे खानदान में सब ऐसेच हैं." म्हणजे रंग ताटातून येतो आणि उंची खानदानातून! खरी गोष्ट बरीचशी याच्या उलट आहे. रंग हा वारसा आहे, त्यावर ताटाचा इलाज चालत नाही. वाढ मात्र मोठ्या प्रमाणात ताटावर, त्यातही पहिल्या दोन वर्षांतल्या छोट्या वाटीवर अवलंबून असते. हा उलटा हिशेब आपल्या लेकरांना किती महाग पडतो, हे या महिन्यात आपण पाहू.

केशराचे दूध आणि गाजराचा रंग

कातडीचा रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याने ठरतो. ते किती आणि कोणत्या प्रकारचे तयार व्हावे, याच्या सूचना बाळाला आई आणि बाप दोघांकडून मिळतात, आणि त्या गर्भ राहतो त्याच क्षणी मिळून चुकलेल्या असतात. नंतर आईने प्यालेले केशर, खाल्लेले ओले खोबरे किंवा लोण्याचा गोळा त्या सूचना बदलू शकत नाही. केशर आईच्या पोटात पचते. त्याचा रंग नाळेतून जाऊन बाळाच्या अंगावर चढत नाही. तसे होत असते तर रोज मेथी-पालक खाणाऱ्या आईचे बाळ हिरवे निपजले असते! केशर घालून का होईना, दूध पोटात जाते हा फायदा आहेच. पण तो दुधाचा. केशराच्या एका डबीच्या पैशात घरात कितीतरी अंडी येतात, हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

दुसरी गोष्ट अशी की, जन्माच्या वेळी दिसणारा रंग हा बाळाचा कायमचा रंग नसतो. मेलॅनिन जन्मानंतर हळूहळू वाढते. म्हणून गुलाबी दिसणारे बाळ काही महिन्यांत आपल्या मूळ रंगावर येते. ते "काळवंडले" म्हणून नजर उतरवण्याची, आईच्या दुधाला नावे ठेवण्याची किंवा दुधाचा डबा आणण्याची काही गरज नसते.

अन्नाने कातडीचा रंग बदलण्याचे एक खरे उदाहरण मात्र आहे, आणि ते पाहून अनेक आया घाबरतात. बाळाला रोज गाजर, लाल भोपळा, पपई, आंबा भरपूर दिला तर त्यांतील कॅरोटीन कातडीत साठते. मग तळहात, तळपाय आणि नाकाचा शेंडा पिवळट-केशरी दिसू लागतो. घरात लगेच काविळीची चर्चा सुरू होते. ओळखण्याची खूण सोपी आहे: काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, गाजराच्या पिवळेपणात तो पांढराच राहतो. खाण्यात बदल केला की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हा रंग आपोआप उतरतो. त्याने बाळाला अपाय होत नाही. डोळेच पिवळे दिसले, तर मात्र घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जावे.

गडद गोळीची भीती

रंगाचा हट्ट केशरापुरता असता तर आम्ही फार बोललो नसतो. पण तो आणखी एका ठिकाणी शिरला आहे, आणि तिथे तो धोक्याचा आहे. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळतात. त्यांत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक अशा निदान १८० गोळ्या, आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस, असा नियम आहे. या गोळीचा रंग गडद, आणि ती घेतल्यावर शौचाचा रंग काळा होतो. एवढ्यावरून किती घरांत सांगितले जाते, "गोली मत खा, बच्चा काला होगा." काळी द्राक्षे, जांभळे, काळे तीळ हेही त्याच यादीत बसवले जातात. मग गोळ्यांची पाकिटे फळीवर, पिठाच्या डब्यामागे पडून राहतात.

शौच काळे होते ते न शोषलेल्या लोहामुळे. बाळाच्या रंगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. गोळी न घेतल्याने काय होते, ते मात्र पाहण्यासारखे आहे. बाळ आपल्या पहिल्या सहा महिन्यांसाठी लागणारे लोह आईच्या पोटातच साठवून घेते, आणि त्यातला मोठा भाग शेवटच्या तीन महिन्यांत साठतो. आईच्याच अंगात रक्त कमी असेल, तर बाळ अपुरी शिदोरी घेऊन जगात येते. गोळीने मळमळत असेल तर ती रात्री जेवणानंतर घ्यावी, चहा आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दूर ठेवावी. त्रास होतच राहिला तर डॉक्टर किंवा नर्सबाईंना सांगून बदलून घ्यावी. पण बंद करू नये.

गोरे नव्हे, फिके

आता या विषयाचा गाभा. आमच्या वर्गातील एका मुलीचा भाऊ चौदा महिन्यांचा होता. पालकसभेला त्याची आई त्याला कडेवर घेऊन येई. गोरापान, गालांवर वळ्या, शांत. साऱ्या आया त्याला हातात घ्यायला धावत. "रोताच नहीं, माशाल्लाह," असे दादी अभिमानाने सांगत. तो उभा राहण्याची खटपट करत नसे, खेळणे पुढे केले तरी हात लांबवत नसे, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नव्हते. त्याच्या बहिणीने एकदा सांगितले, "बाई, तो भिंतीचा चुना चाटतो." आमच्या शाळेत खडू आणि पाटीची पेन्सिल खाणारी मुले आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. त्यांतल्या पुष्कळांना रक्त कमी असल्याचे पुढे तपासणीत निघते. म्हणून आईला आम्ही बाळाचे रक्त तपासून घ्यायला सांगितले. हिमोग्लोबिन सातसुद्धा भरले नाही. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलात ते निदान ११ असावे लागते.

बाळ काय खात होते? दिवसाकाठी बाटलीने सव्वा-दीड लिटर दूध, दोन-चार बिस्किटे आणि चहात बुडवलेला पाव. घरात गरिबी फारशी नव्हती. दूध तर अगदी हौसेने घेतले जाई. आणि घोटाळा तिथेच होता. गाईच्या एक लिटर दुधात लोह असते अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. म्हशीचे दूध घट्ट असते, पण लोहाच्या बाबतीत तेही गरीबच. शिवाय दुधातील कॅल्शियम आणि प्रथिने दुसऱ्या अन्नातले लोह अंगी लागू देत नाहीत. वर्षाच्या आतल्या काही बाळांच्या आतड्यातून तर वरच्या दुधाने, डोळ्यांना न दिसणारे असे थोडे थोडे रक्त जात राहते. आणि दुधाने पोट भरलेले बाळ भाकरीकडे, डाळीकडे पाहतसुद्धा नाही. चहा उरलेसुरले लोह अडवतो. दुधाच्या स्निग्धाने गाल भरतात, लोह नसल्याने रंग फिका पडतो. लोकांना दिसते ते काय? गोरे आणि गुटगुटीत बाळ! आपल्याकडे ज्या दोन गोष्टींचे कौतुक होते, नेमक्या त्याच दोन्ही गोष्टी त्या मुलाच्या आजाराची लक्षणे होती.

डॉक्टरांनी लोहाचे औषध सुरू केले, बाटली बंद केली, दूध अर्ध्या लिटरवर आणले आणि घरचे जेवण भरवायला लावले. काही महिन्यांनी तो मुलगा पालकसभेत बाकांखालून पळत होता, आणि रंगाने अगदी आपल्या बापासारखा सावळा दिसत होता. दादी म्हणाल्या, "धूप में खेल खेल के काला हुआ." काळा झाला नव्हता. अंगात रक्त आले होते, आणि त्याचा स्वतःचा रंग परत आला होता.

ही एका घराची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ५३.८ टक्के होता. म्हणजे आज दहा मुलांतील सात. आणि शिक्षक म्हणून आम्हाला याची धास्ती वाटते ती पुढच्या कारणासाठी. पहिल्या दोन वर्षांत मेंदू झपाट्याने घडत असतो आणि त्याला लोह लागते. तेव्हा झालेली तूट नंतर औषधाने रक्तातून भरून निघते, पण लक्ष देणे, आठवणे, शिकणे यांवर झालेला परिणाम सगळाच पुसला जातो असे नाही. पहिलीत पाढा विसरणाऱ्या मुलाला आपण "मठ्ठ" म्हणतो, तेव्हा त्या मठ्ठपणातला थोडा वाटा बाटलीतल्या दुधाचा असू शकतो.

एक सूचना इथेच. फिकेपणा दरवेळी लोहाच्या तुटीचाच असतो असे नाही. थॅलेसेमियासारखा रक्ताचा आनुवंशिक आजारही असू शकतो, आणि नात्यात लग्ने होणाऱ्या घरांनी तर हे जास्त लक्षात ठेवावे. म्हणून लोहाची बाटली दुकानातून आणून मनाने पाजत राहू नये. आधी तपासणी, मग औषध.

सुजलेला चेहरा, भुरे केस

भरलेला चेहरा म्हणजे तब्येत, हा समज केवळ आपला नाही. १९३० च्या दशकात सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरबाई आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशात काम करीत होत्या. त्यांच्याकडे एक ते चार वर्षांची अशी मुले येत, ज्यांचे चेहरे आणि पाय फुगलेले असत, केस तांबूस-भुरे आणि विरळ झालेले असत, कातडीचे पापुद्रे निघत. ती मुले मक्याच्या पेजेवर वाढत होती. पोट भरत होते, पण अंग बांधणारी प्रथिने मिळत नव्हती. फुगवटा चरबीचा नव्हता, पाण्याचा होता. विल्यम्स यांनी १९३३ मध्ये या आजारावर लिहिले आणि १९३५ मध्ये तिथल्याच भाषेतले नाव जगापुढे मांडले: क्वाशिओरकोर. पाठचे भावंड आले की आधीच्या मुलाला होणारा आजार, असा त्या शब्दाचा आशय. तिथल्या आयांना कारण अचूक ठाऊक होते. नवे बाळ आले, थोरल्याचे दूध तुटले, आणि त्याच्या वाटीत त्या तोडीचे काही आले नाही.

आपल्याकडेही "क्या भुरे बाल हैं, विलायती दिसता" असे कौतुक होते. भुरे केस वारशाने असू शकतात, उन्हानेही होतात. पण आधी काळे असलेले केस भुरे, पातळ आणि सहज उपटून येणारे झाले, पायावर बोट दाबले की खळगा राहू लागला, तर ते विलायती रूप नव्हे, कुपोषण आहे. जावळ काढल्याने केस दाट होतात, हीदेखील समजूतच. केस मुळाशी घडतात, आणि मुळाला लागते अन्न.

दूध तोडण्याच्या बाबतीत आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, आणि आईच्या खाण्या-कपड्याची जबाबदारी तिथेच बापावर टाकलेली आहे. आपण पहिला भाग सुनेला ऐकवतो, दुसरा भाग मुलाला ऐकवायला विसरतो. पाजणाऱ्या आईच्या ताटात दोन भाकऱ्या, डाळ, भाजी, अंडे किंवा गोश्त येते की सगळे जेवून उरलेला रस्सा येतो, हे पाहणे घरातल्या पुरुषाचे काम आहे.

गुटगुटीत बाळाचे चित्र किती भुलवते, हे आपल्या कायद्यालाही कळले आहे. बालदुग्धपर्यायांचा १९९२ चा कायदा आणि त्यातील २००३ ची दुरुस्ती यांनुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या दुधाच्या किंवा तयार खाण्याच्या डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापायला मनाई आहे. त्यांची जाहिरातही करता येत नाही. डब्यावर बंदी घातलेले ते चित्र आपण मात्र मनात टांगून ठेवले आहे.

सहा शहरांतील मुले

आता उंची. "बाप ठेंगणा, मुलगा कुठून उंच होणार?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत बाळांची वाढ मोजली: ब्राझीलमधील पेलोटास, घानाची राजधानी अक्रा, आपली दिल्ली, नॉर्वेतील ओस्लो, ओमानमधील मस्कत आणि अमेरिकेतील डेव्हिस. अट अशी की घरात खाण्यापिण्याची ददात नसावी, आई धूम्रपान करणारी नसावी आणि बाळाला आईचे दूध व नंतर योग्य आहार मिळावा. रंग निराळे, चेहरे निराळे, आई-बापांची उंची निराळी. पण पाच वर्षांपर्यंत या सहाही ठिकाणच्या मुलांची उंची जवळजवळ सारख्याच वेगाने वाढली. दिल्लीचे बाळ ओस्लोच्या बाळाहून मागे राहिले नाही. याच मोजमापांवरून २००६ मध्ये वाढीचे जे तक्ते तयार झाले, तेच आज आपल्या अंगणवाडीत वापरतात.

त्या तक्त्यांप्रमाणे जन्मतः साधारण ५० सेंटिमीटर असलेले बाळ वर्षाचे होताना ७५ च्या आसपास आणि दोन वर्षांचे होताना ८६-८७ सेंटिमीटरपर्यंत पोचते. थोडे मागेपुढे चालते. मोठे झाल्यावरच्या उंचीत वारसा बोलतोच. पण पहिल्या दोन-तीन वर्षांत फार मागे पडलेले मूल पुढे ती तूट क्वचितच पूर्ण भरून काढते. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत, असे त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. एवढी सगळी खानदाने ठेंगणी नाहीत. २००५ मध्ये आपल्या राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केले, आणि पुढे त्याने गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांकडे लक्ष दिले. २००५-०६ मध्ये दोन वर्षांखालील मुलांतील खुजेपण ३९ टक्के होते, ते २०१२ च्या पाहणीत २३-२४ टक्क्यांवर उतरले. सहा-सात वर्षांत लोकांचे खानदान बदलत नाही; वाटी बदलू शकते.

सोलापूरच्या घरात वाटी कशी भरावी

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचे दूध. पाणी, घुट्टी काही नाही. तहनीक करायची तर ती मऊ खजुराची, तीही टाळूला लावण्यापुरती आणि स्वच्छ हाताने. मधाचे बोट मात्र वर्षाच्या आत नको. मधातील एका जंतूमुळे लहान बाळाला लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो.

सहा महिने झाले की त्याच आठवड्यात वरचे अन्न सुरू करावे. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा. नऊ महिन्यांपासून अर्धी वाटी, तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी, आणि आईचे दूध सोबत चालूच. अन्न चमच्यावरून ओघळणारे पातळ नको. चमच्यावर टिकेल इतके घट्ट हवे. डाळीचे वरचे पाणी म्हणजे डाळ नव्हे.

आपल्या जिल्ह्याला यासाठी बाहेर पाहावे लागत नाही. मंगळवेढ्याची ज्वारी आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत लोह ४ मिलिग्रॅमच्या जवळपास, बाजरीत ६ च्या वर, नाचणीत साडेचारच्या आसपास. पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. नाचणीत कॅल्शियमही भरपूर. ज्वारीची भाकरी डाळीत कुस्करून, वर चमचाभर तेल किंवा तूप आणि लिंबाचे चार थेंब टाकावेत. लिंबामुळे धान्या-डाळीतले लोह अंगी जास्त लागते. शेंगादाणे भाजून अगदी बारीक कूट करून द्यावेत. अख्खा दाणा श्वासनळीत अडकतो, तो पाच वर्षांपर्यंत देऊ नये. आणि आपली ती तिखट शेंगाचटणी मोठ्यांसाठीच ठेवावी.

गोश्त शिजणाऱ्या घरांत एक गंमत दिसते. गोश्त मोठ्यांच्या ताटात आणि बाळाच्या वाटीत फक्त शोरबा. "यखनी में सब ताकत उतरती है," असे म्हणतात. चव उतरते, लोह बरेचसे बोटीतच राहते. म्हणून बाळाला बिनतिखटाचा, नीट शिजवून वाटलेला खिमा द्यावा. आठवड्यातून एकदा कलेजीचा बोटभर तुकडा कुस्करून दिला तरी मोठे काम होते. कलेजीत 'अ' जीवनसत्त्व फार असते, म्हणून ती रोज नको. गोश्त जिथे रोज परवडत नाही तिथे अंडे आहे, मसूर आहे, मेथी, शेपू, अंबाडी आहे. सोलापूरचे डाळिंब तर प्रसिद्धच. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. डाळिंब जरूर द्या. पण लाल रसाने लाल रक्त वाढते, या भरवशावर राहू नका. त्यात लोह अगदी थोडे असते.

हिशेब सोपा आहे. आईचे दूध, धान्य, डाळी-दाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, पिवळी-केशरी फळे आणि पालेभाज्या, इतर भाज्या आणि फळे. या आठ गटांपैकी निदान पाच गट दिवसभरात बाळाच्या पोटात जावेत. महाराष्ट्रात सहा महिने ते दोन वर्षांच्या शंभर बाळांपैकी दहांनाही पुरेसा आणि योग्य आहार मिळत नाही, असे सर्वेक्षण सांगते. हे केवळ गरिबीने होत नाही, कारण बिस्किटांचा पुडाही पैसे देऊनच येतो.

आमच्या भागात कितीतरी आया घरी विड्या वळतात. मांडीवर सूप, शेजारी बाळ. हजार विड्या भरायच्या, हात तंबाखूचे. त्या हाताने भरवता येत नाही, म्हणून रडले की बिस्किट हातात दिले जाते. या बहिणींना आम्ही उपदेश करणार नाही. त्यांच्या घरातल्या इतरांना एवढेच सांगू की, भरवण्याचे काम आईचेच आहे असे कुठे लिहिलेले नाही. शाळेतून आलेली मोठी बहीण, दादी, आणि संध्याकाळी कारखान्यातून आलेले अब्बा, कुणीही साबणाने हात धुऊन वाटी घेऊन बसू शकते. बिस्किटातील साखर आणि रात्री तोंडात ठेवलेली दुधाची बाटली दुधाचे दात काळे करून टाकते. आमच्या पहिलीच्या वर्गात हसताना तोंडावर हात ठेवणारी मुले आहेत. रूपाचीच काळजी असेल तर ती इथे करा.

सरकारकडून मिळते तेही घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक-एक मिलिलिटर लोहाचे पातळ औषध देण्याची योजना आहे. एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम लोह असते. आशाताईंकडे ते मागा. अंगणवाडीत दर महिन्याला वजन आणि उंची लिहून घ्या, आणि कार्डावरची रेघ वर चालली आहे की आडवी पडली आहे, ते स्वतः पाहा. रेघ आडवी झाली तर गालांवर जाऊ नका, दवाखान्यात जा.

आणि एक तपासणी घरीच, उद्या सकाळी. बाळाला उजेडात घ्या. डोळ्याची खालची पापणी स्वच्छ बोटाने हळूच खाली ओढा आणि आतला भाग पाहा. मग तळहात उघडून आपल्या तळहाताशेजारी धरा. पापणीच्या आत लालसर-गुलाबी रंग असेल तर शुक्र करा आणि वाटी भरत राहा. तिथे पांढुरके दिसले, तर बाळ कितीही गोरे आणि गुटगुटीत असो, त्याच दिवशी त्याचे रक्त तपासून घ्या.